हा कोनत्या कोंबडीचा?

लुनाच्या मागे दोन डालगी,
आत तणस, तणसात अंडी,
अंड्यांवर पुन्हा तणस.
डांबर संपतं तिथं मी उतरतो
आणि गाडी हातानं ढकलत नेतो,
बाळंतीण घरी आणावी तशी.

कोसंबीत बावीस घरी कोंबड्या.
कुणाकडे तीन, कुणाकडे अकरा,
देवांगनाबाईकडे एकच,
तीही दिवसाआड अंडं देते.
तरी तिच्या दारी थांबतो,
कारण ती विचारते, "आज काहून उशीर?"
दिवसभरात दुसरं कुणी हे विचारत नाही.

अंतकला मेश्रामचं घर शेवटचं,
बोडीच्या पाळीला लागून.
तिची अंडी माठाखालच्या ओल्या रेतीत निजलेली.
मे महिन्यात इथं सावलीसुद्धा उकडते,
पण तिचं अंडं फोडलं
की बलक उभा राहतो, मान वर करून.

हातात देते ती एकेक, ओळख करून देत:
"हा चितरीचा, टोकाकडं निमुळता पाय.
हा बोडखीचा, खरबडा.
हा तलंगीचा, पयलाच हाये,
रगत लागलं थोडं, पुसू नोको.
आन हे तुले नाई भेटत."
त्या सातांवर कोळशाची रेघ.
रेघ म्हणजे खुडूक बसणार, पिल्लं निघणार.
रेघेला भाव नसतो.

बारा रुपये नग. मूलच्या नाक्यावर पंधरा.
मधलं थोडं पेट्रोल खातं,
थोडं खड्डे खातात,
उरलं त्यात मी.

गेल्या माघात मानमोडी फिरली.
खुराड्यांची दारं संध्याकाळी लावायची
गरजच राहिली नाही.
गिऱ्हाईक मात्र धडधाकट होतं.
मी पोल्ट्रीचे चार ट्रे उचलले:
पांढरी, एकसारखी, गणवेशातली.
गंजात चहापत्ती उकळली, निववली,
रात्रभर बुडवून ठेवली.
सकाळी ती गावरान झाली होती.

विकली. अठरानं.
एका मास्तरांनी सुनेच्या बाळंतपणासाठी डझन नेली,
आठ दिवसांनी येऊन म्हणाले,
चवच वेगळी हो.
मी मान हलवली.

अंतकलेकडे तेव्हा एकटी बोडखी वाचलेली.
सवयीनं गेलो.
डालग्यात त्यातलं एक उरलं होतं, तणसाखाली.
ते तिच्याच हाताला लागावं!
तिनं अंगठा जिभेला लावला,
नोटा मोजताना लावतात तसा,
आणि कवचावरून फिरवला.
मग अंगठा पाहिला.

ओरडली असती तर मी काही बोललो असतो,
माझ्याकडे तयार होतं:
पोरीची फी, लुनाचा पाटा.
ती म्हणाली,
"हा कोनत्या कोंबडीचा गा?"
रागानं नाही. खरंच विचारलं,
जणू मला तिचं नाव ठाऊक असणार.

ट्रे उचलताना शेडमध्ये डोकावलो होतो.
दिवसा दिवे, हजारो माना एका रांगेत,
आणि आवाज, पत्र्यावर पाऊस पडावा तसा.
त्यातल्या कुणी एकीनंच घातलं होतं ते.
कोनती, ते कुणालाच माहीत नव्हतं.
मला तर विचारायचंच सुचलं नव्हतं.

अंतकलेनं ते परत दिलं नाही.
माठाखाली ठेवलं, बोडखीच्या दोघांशेजारी.
पुढं त्याचं काय झालं, मी विचारलं नाही.

आता खुराडी भरली आहेत.
चितरी नवी आहे, नाव जुनंच.
अंतकला अंडी देते, भाव तोच,
पण माझे पैसे हल्ली दोनदा मोजते,
दुसऱ्यांदा सावकाश.
मी उभा राहतो.

परवा नाक्यावर एक बाई
अंडं उन्हात धरून म्हणाल्या,
"याला डाग आहे, पुसून द्या."
म्हटलं, "राहू द्या. तलंगीचं आहे, पयलंच."
"कोण तलंगी?"
सांगायला लागलो.
तोवर त्यांनी दुसरं उचललं होतं.